वसुलीवाल्याचं दळण

मल्लिनाथअण्णा हप्ते वसूल करायचे. आमच्या गल्लीत मात्र सगळे त्यांना दळणाचं गिऱ्हाईक म्हणून ओळखत. महिन्याच्या दहा तारखेला ते गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचे आणि सायकल हातात धरून चालत यायचे. मागे कॅरियरला ज्वारीची पिशवी बांधलेली असायची. माझ्या पिठाच्या गिरणीसमोर डब्यांची रांग असे. त्या रांगेत ते पिशवी ठेवायचे, बाकावर बसून उपरण्याने मान पुसायचे आणि म्हणायचे, "अक्का, सावकाश होऊ दे. घाई न्हाय."

दळून झालं की मी पिशवी त्यांच्या हातात द्यायची आणि पिशवीच्या बुडाखाली हप्त्याची पुरचुंडी धरायची. दळणाचे पैसे ते वेगळे मोजून द्यायचे. त्या नाण्यांखाली पावतीची घडी असायची. बाकावरच्या बायकांना यातलं काही दिसायचं नाही. मग ते उठायचे, "बर्तीन्री" म्हणायचे आणि निघायचे. ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. 'बर्तीन्री' म्हणजे 'येतो हं'. 'जातो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

गिरणी घेतली ती माझा नवरा गेल्यावर. तो कापडगिरणीत कामाला होता. छातीच्या दुखण्याने गेला. गिरणीने जे पैसे दिले ते घेऊन मी पेठेतल्या एका दुकानात गेले. ते दुकान हप्त्यावर माल द्यायचं. शिलाई मशीन, पंखे, सायकली, चक्की फिरवायच्या विजेच्या मोटारी, काय वाटेल ते. थोडे पैसे आधी भरले, उरलेल्याचे हप्ते ठरले. इंग्रजी कागद पुढे आला, मी सही केली. माझी शाळा चौथीपर्यंत. सही मराठीत होती, कागदात काय आहे ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मोटार घरी येते आहे हे बघायचं की कागद वाचत बसायचं?

अण्णा पहिल्यांदा पिशवी घेऊन आले तेव्हा मला वाटलं, माणूस चांगला हिशेबी आहे, एका खेपेत दोन कामं करतो. दोन-तीन महिन्यांनी मी विचारलं, "अण्णा, तुमच्या घरापासून हितपर्यंत येताना वाटेत चार गिरण्या लागतात. एवढ्या लांब दळण कशाला आणता?"

ते हसले. "अक्का, घरात शिरून ओरडून मागितलं की माणूस एकदा देतो. चारचौघांत त्याची अब्रू राखली की दर महिन्याला देतो."

"म्हणजे पुण्य कमवताय."

"पुण्य कसलं? धंदा हाय की."

हे ते खरंच मानायचे. शिंप्याकडे हप्ता घ्यायला जाताना बटण तुटलेला सदरा न्यायचे. सायकल दुकानात जाताना चाकातली हवा काढायचे आणि सायकल ढकलत न्यायचे. न्हाव्यांची तर गंमतच होती. त्यांच्या भागात तीन न्हाव्यांनी हप्त्यावर खुर्च्या घेतल्या होत्या. तिघांचीही तारीख दहा. अण्णा सकाळी एकाकडे दाढी करायचे, दुपारी दुसऱ्याकडे. संध्याकाळी तिसरा म्हणायचा, "अण्णा, आता काय करू? कातडी काढू का?" दहा तारखेला ते गिरणीत आले की त्यांचे गाल सोललेल्या रताळ्यासारखे दिसायचे आणि पिठाचा कण उडून बसला की चुरचुरायचे. मी तुरटीचा खडा देऊन ठेवला होता.

एकदा त्यांची बायको गिरणीत आली. किडकिडीत बाई, पण आवाज खणखणीत. आल्या आल्या म्हणाली, "तूच का ती गिरणीवाली?"

मी म्हटलं, "व्हय."

"माझ्या घरात पिठाचे दोन डबे भरलेत. दर दहा तारखेला हा माणूस नवीन पीठ आणतो. जुनं संपवू कधी? जुन्या पिठाला विरी राहत न्हाय, भाकरी थापली की चिरती. मी काय माती थापू? आणि सदऱ्याची बटणं! मी लावती, हा तोडतो. ही नोकरी हाय का तमाशा?"

बाकावरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. मी तिला आत घेतलं आणि चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "एकदा म्हटलं, सोडा ही नोकरी. तर म्हणाले, माझ्या जागी दुसरा आला तर तो दारात ओरडंल." मग उठली आणि जाताना परत खणखणीत आवाजात म्हणाली, "पण बटणं मी आता लावणार न्हाय!" लावायची ती. पुढच्या महिन्यातही सदऱ्याला बटणं होती, एक सोडून.

दुष्काळाच्या वर्षी रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची. दळणं निम्म्यावर आली. एका दहा तारखेला माझ्याकडे हप्त्यापुरते पैसे नव्हते. मी अण्णांची ज्वारी दळली, पिशवी दिली. बुडाखाली काही धरलं नाही. त्यांनी पिशवी हातावर तोलली. चिमटीत पीठ घेऊन चोळलं. मोठ्याने म्हणाले, "अक्का, जाड राहिलंय. चार-पाच दिसांनी परत आणतो, अजून एकदा फिरव." आणि खरंच तेच पीठ परत घेऊन आले. मी तेच पीठ परत फिरवलं. दोनदा दळलेलं पीठ हाताला मैद्यासारखं लागत होतं. तेव्हा थोडे पैसे होते, थोडे नव्हते. त्यांनी होते तेवढे घेतले. दुकानाचे थोरले मालक तेव्हा जिवंत होते. त्यांनी उशिराबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आता आमच्या घरचं सांगायला पाहिजे. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, ती शुक्रवारी घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायची नाही. शुक्रवार लक्ष्मीचा. पैसा नाही, मीठ नाही, विरजणसुद्धा नाही. शुक्रवारी दळायला येणाऱ्याने सुटे पैसे आणायचे, नाहीतर उरलेले शनिवारी न्यायचे. अमावस्येलाही तेच. माझा यावर विश्वास नव्हता, पण सासूशी भांडून गिरणी चालत नाही. दहा तारीख शुक्रवारी आली की अण्णा शनिवारी यायचे. त्यांना सांगावं लागायचं नाही. आत्याबाईंना ते अव्वा म्हणायचे. दोघांचं कानडीत काय काय चालायचं. आत्याबाईंचं माहेर त्यांच्याच बाजूचं.

मग थोरले मालक वारले आणि मुलगा गादीवर बसला. तोवर माझे थोडेच हप्ते राहिले होते. मोटारींचे भाव मात्र चढले होते. माझी जुनी मोटार उचलून दुसऱ्याला विकली तर नव्या हप्त्यांवर चांगला पैसा मिळणार होता. हे मला मागाहून कळलं. त्या महिन्यात दहा तारीख शुक्रवारी आली आणि शनिवारी अमावस्या. रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी मी पुरचुंडी कमरेला खोचून चक्की सुरू केली.

अण्णा आले. सायकल हातातच होती, पण कॅरियर रिकामं होतं.

इतक्या वर्षांत ते रिकामं कॅरियर घेऊन कधी आले नव्हते.

"अक्का, आज दळण न्हाय."

मी पुरचुंडी पुढे केली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "धाकट्या मालकांनी घिऊ नको म्हणून सांगितलंय. एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम मागायची, न्हाय दिली तर मोटार उचलायची, असं कागदात लिवलंय म्हणत्यात. मी पुढं आलोय. हातगाडा मागनं यतोय."

"सगळी बाकी? ती कुटनं आणू?"

"म्हणून तर पुढं आलो." त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. "कायद्याचं कुणी माणूस असलं तर बोलाव. लवकर."

रांगेत एका वकिलाची बायको डबा घेऊन उभी होती. तिचा नवरा नवाच वकील, अशील कमी, डोक्यावर केस भरपूर. ती डबा तिथेच टाकून पळत घरी गेली. तोवर हातगाडा आला. मागे चार हमाल आणि धाकटे मालक. बायकांना सगळं कळलं, आणि पुढे जे झालं ते मी कुणाला शिकवलं नव्हतं. एकीने आपला डबा सरळ चक्कीत ओतला. तिचं होतंय तोवर दुसरीने ओतला.

हमाल म्हणाला, "बाई, चक्की बंद करा."

आत्याबाई म्हणाल्या, "दळण आत हाय ते दिसत न्हाय व्हय? लोकांचं धान्य हाय. निघाल्याबिगर कशी बंद करू?"

चालू पट्ट्याला हात घालायची हमालांची छाती नव्हती. बायका घरी पळत होत्या आणि जे सापडेल ते आणत होत्या, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ. एकीने मिरच्या आणल्या, त्या मात्र मी परत पाठवल्या. गिरणी वाचवायची म्हणून दगड नासवायचे नसतात. धाकटे मालक उंबऱ्याबाहेर पिठाने पांढरे होत उभे राहिले. अण्णा सायकल धरून खाली मान घालून उभे होते.

वकील आला तो गळ्याला टॉवेल तसाच ठेवून. त्याने मालकांकडून कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या वाचला.

मालक म्हणाले, "सही तिची आहे की! चूक केली की सगळी रक्कम एकदम, असं स्पष्ट लिहिलंय."

वकील म्हणाला, "लिहिलंय खरं. पण लिहिलं म्हणून सगळं चालतं असं नाही. एका हप्त्याच्या उशिरासाठी सगळी बाकी एकदम, वर मोटारही, हा दंड झाला. दंड किती लावायचा ते कोर्ट बघतं. आणि तुमच्या दुकानाने वर्षानुवर्षं उशिराचा हप्ता मुकाट्याने घेतलाय. आज अचानक तारखेवर बोट ठेवता येणार नाही. आधी नोटीस द्या, यापुढे उशीर चालणार नाही म्हणून कळवा, मुदत द्या. थकलंय तेवढं भरायची संधी द्या."

"उशिरा घेतल्याचा पुरावा काय?"

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. पावत्या मी ठेवल्या होत्या, पण दुकानाने त्यांवर नेहमी दहाच तारीख घातलेली. थोरल्या मालकांना वह्या नीट दिसलेल्या आवडायच्या. उशिराचं माहीत होतं ते फक्त अण्णांना. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्याच्या पोटावर आपण कशाला पाय द्यायचा?

त्या दिवशी चक्की इतकी चालली की दगड तापून पिठाला वास यायला लागला. संध्याकाळी वकील कोर्टाचा मनाई हुकूम घेऊन आला, तेव्हा हातगाडा गेला. पुढे सुनावणी लागली. दिवस नेमका शुक्रवारचा.

कोर्टात मी आणि आत्याबाई एका बाकावर. दुकानाच्या वकिलाने अण्णांनाच साक्षीला बोलावलं होतं. अण्णा धुतलेला सदरा घालून उभे राहिले. सगळी बटणं लावलेली.

दुकानाचा वकील म्हणाला, "या बाईंनी हप्ता वेळेवर दिला नाही, बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही त्यांना वेळोवेळी ताकीद दिली होती, बरोबर?"

"न्हाय साहेब. ताकीद कधी दिली न्हाय."

वकील थांबला. हे त्यांच्यात ठरलेलं नसावं. "मग हप्त्याच्या तारखेला तुम्ही त्यांच्याकडे कशाला जात होता?"

"दळायला."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नीट सांगा."

अण्णांनी नीट सांगितलं. दहा तारीख शुक्रवारी आली की शनिवारी जायचं, हे त्यांना थोरल्या मालकांनीच सांगितलं होतं. "आमच्या दुकानातनंबी शुक्रवारी पैसा बाहेर जात न्हाय साहेब. माझा पगार शुक्रवारी आला तर मलाबी शनिवारीच मिळतो. थोरले मालक म्हणायचे, जे आपण पाळतो ते दुसऱ्यानं पाळलं तर राग कसला? दुष्काळात ह्यांनी लई उशिरा दिलं. तेबी मी घेतलं, मालकांनी घेतलं, कुणी काय बोललं न्हाय."

"आणि या वेळी?" दुकानाच्या वकिलाने विचारलं. "शुक्रवार झाला, शनिवारी का दिला नाही?"

"शनिवारी अमावस्या. पेठेतबी अमावस्येला देणंघेणं न्हाय. रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी अक्कांनी पैसे माझ्यापुढं धरले साहेब." ते थोडे थांबले. धाकटे मालक समोरच बसले होते. "मीच घेतले न्हाईत. मला घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. हात मी मागं घेतला."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग दुकानाच्या वकिलाला म्हणाले, "पैसे समोर धरले तेव्हा तुमच्या माणसाने हात मागे घेतला, आणि तुम्ही म्हणता, चुकवलं? बाईंनी थकलेलं आज भरावं. बाकीचं पूर्वीसारखं हप्त्याने चालेल. यापुढे सगळी बाकी एकदम मागायची असेल तर आधी लेखी नोटीस आणि मुदत."

आमचा वकील माझ्याकडे वळून कुजबुजला, "काकू, पैसे? आज शुक्रवार आहे."

मी आत्याबाईंकडे बघितलं. इतके दिवस मी गप्प होते, पण त्या क्षणी मनात ठरवलं होतं, आज ही नाही म्हणाली तर मी भर कोर्टात तिच्याशी भांडणार. आत्याबाईंनी शांतपणे पदराची गाठ सोडली आणि नोटा वकिलाच्या हातात दिल्या.

"आत्याबाई, आज शुक्रवार!"

"ठाऊक हाय मला. काल सांजच्यालाच शेजारणीच्या घरी ठेवून आले होते. सकाळी तिच्याच घरातनं घेतले. आपल्या घरातनं आज काय गेलं?"

बाहेर व्हरांड्यात अण्णा भेटले. हसू दाबत म्हणाले, "अव्वा, ही युगत आधी सुचली असती तर एवढं रामायण झालं नसतं की."

आत्याबाई म्हणाल्या, "आधी गरज नव्हती रे. तू येत होतास की."

अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं, म्हणाले, "बर्तीन्री," आणि जिना उतरून गेले.

त्यांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. तो शनिवार होता, म्हणजे राहिलेला पगार तरी मिळाला असेल.

आमच्या गल्लीत मात्र मोठा गोंधळ उडाला. अण्णा वसुलीवाले होते हे कोर्टातून सगळीकडे झालं. बाकावर बसून शिंप्याची बायको हळूच म्हणाली, "म्हणजे ते बटण लावायला यायचे ते..." समोरची म्हणाली, "अगं, तुझ्याकडंबी? आमच्या पंख्याचा हप्ता त्यांच्याकडंच असायचा. ते पाणी मागायला यायचे." मग तिसरी बोलली, मग चौथी. अर्धी गल्ली त्याच दुकानाची देणेकरी निघाली. इतकी वर्षं प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकट्याच. मग सगळ्या अशा हसायला लागल्या की मला चक्की बंद करावी लागली. हसता हसता एकीने डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "पीठ गेलं असंल डोळ्यात." ती म्हणाली, "व्हय."

नवा वसुलीवाला स्कूटरवरून यायचा. खाली उतरायचाही नाही. दारात हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "गिरणी, हप्ता!" माझे राहिलेले हप्ते मी त्याला वेळेवर दिले. शुक्रवार आला तर शेजारणीचं घर होतंच. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा आत्याबाईंनी गूळ वाटला. अण्णांच्या घरी माणूस पाठवला, तर कळलं की त्यांनी जागा बदलली होती. कुठे ते कुणाला सांगता आलं नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका दुपारी रांग मोठी होती. मान वर केली तर अण्णा सायकल हातात धरून उभे. गाल दाढीने भरलेले. कॅरियरवर पिशवी नव्हती. हँडलला उपरण्यात बांधलेली ज्वारी लटकत होती. दोन माणसांच्या एका वेळच्या भाकरीएवढी असेल, जास्त नाही. तारीख दहा नव्हती.

त्यांनी गाठोडं रांगेच्या शेवटी ठेवलं. बाकावर बसले नाहीत. सगळ्यांकडे बघून घेतलं, मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "अक्का, लवकर होईल का?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या गिरणीत रांग मोडायची पद्धत नाही. पोलिसाची बायको आली तरी रांगेत. बायका या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. मी गाठोडं उचलून पुढे घेतलं आणि मागे बघितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात पुढे जिचा डबा होता तिने तो पायाने बाजूला सरकवला आणि भिंतीकडे बघत राहिली.

मी दळून दिलं. आत्याबाईंनी पैसे घ्यायचे नाहीत म्हटलं. ते म्हणाले, "अव्वा, आता मी खरंखुरं गिऱ्हाईक हाय की," आणि नाणी माझ्या तळहातावर मोजली. सवयीने मी नाण्यांखाली बोट घातलं. पावती नव्हती. त्यांना दिसलं ते, आणि हसले.

"बर्तीन्री," म्हणाले.

गरम पिठाचं उपरणं त्यांनी हँडलला बांधलं. आता वसुली नव्हती, गल्लीतून सायकलवर बसून जायला त्यांना हरकत नव्हती. तरी ते गल्लीच्या तोंडापर्यंत सायकल हातात धरूनच चालत गेले. पलीकडे जाऊन मग टांग मारली. मी तेवढंच बघितलं. रांगेतली पुढची म्हणाली, "ओतू का?" मी म्हटलं, "ओत."